लाकडाची कांडी आणि देणगीची पावती

पाच इंच लांब, पाऊण इंच रुंद आणि तेवढीच जाड लाकडाची कांडी. लेथवर पेने कातणाऱ्यांचा सगळा व्यवहार या मापावर चालतो. या कांडीला ते ब्लँक म्हणतात. तिच्यात आरपार छिद्र पाडायचे, आत पितळी नळी चिकटवायची, दोन्ही टोके नळीच्या काटकोनात सपाट करायची, मग ती लेथवर चढवून कातायची, पॉलिशपेपरने घासायची, तिच्यावर लाखेचा किंवा रेझिनचा थर द्यायचा आणि शेवटी टोक, क्लिप वगैरे धातूचे भाग दाबून बसवायचे. सरावलेला हात हे काम तासाभरात उरकतो. सर्वांत साध्या पेनाची नळी सात मिलिमीटरची असते आणि कातून झाल्यावर तिच्याभोवती लाकूड राहते ते जेमतेम एक-दोन मिलिमीटर. हिशेब मांडला, तर त्या कांडीतले सुमारे नऊ-दशांश लाकूड भुसा होऊन जमिनीवर पडते.

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांतल्या हौशी कातकाम करणाऱ्यांमध्ये या कांड्यांभोवती दानाची एक पद्धत रुजली आहे. ज्याच्याकडे दुर्मिळ लाकडाच्या कांड्या साठल्या आहेत असा कारागीर आपल्या मंडळींना सांगतो: अमक्या रुग्णालयाला, अन्नछत्राला किंवा संशोधननिधीला देणगी द्या, पावती मला दाखवा, मी तुम्हाला कोकोबोलोच्या, पर्पलहार्टच्या, आफ्रिकी ब्लॅकवूडच्या इतक्या कांड्या पाठवतो. पैशाला तो स्वतः हात लावत नाही. लाकूड त्याचे, पैसा संस्थेचा, आणि पेन घेणाऱ्याच्या हातचे.

ही पद्धत मला मनापासून आवडते. पण तिचे कौतुक करताना एक प्रश्न सहसा विचारला जात नाही, आणि त्याच्याचसाठी हा आढावा. देणगीदाराने पैसे दिले आणि कारागिराने लाकूड दिले. पण त्या लाकडासाठी ज्या जंगलाने शंभर वर्षे खर्ची घातली, त्याचा हिशेब या व्यवहारात कुठे आहे? माझे उत्तर सरळ आहे. पैशाच्या प्रवासाची जशी पावती मागतो, तशी लाकडाच्या प्रवासाचीही मागावी. चांगल्या कामाला जोडले म्हणून चोरटे लाकूड सोवळे होत नाही, आणि तो प्रवास उघड सांगता आला तर याच्याइतके निर्मळ दान क्वचित सापडेल.

आधी हे पाहू, की तयार पेन न देता कांडीच का द्यायची. पेने कातून देण्याचे उपक्रमही भरपूर आहेत. परदेशी तैनात असलेल्या सैनिकांसाठी लाकडी पेने करून पाठवण्याची प्रथा अमेरिकेत बरीच वर्षे चालली. कातकाम करणाऱ्यांच्या इतर दानांतही तयार वस्तूच दिलेली दिसते. १९८६ साली स्थापन झालेली अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स ही संघटना 'बीड्स ऑफ करेज' या संस्थेबरोबर काम करते. गंभीर आजाराशी झुंजणाऱ्या मुलांना प्रत्येक उपचारामागे एक मणी दिला जातो आणि ते मणी ठेवायला कातकाम करणारे झाकणाचे लाकडी डबे करून देतात. १९९० मध्ये मिशिगनमध्ये सुरू झालेल्या 'एम्प्टी बोल्स' या उपक्रमात कुंभारांबरोबर कातारीही वाडगे देतात; लोक देणगी देऊन साधे सूप पितात आणि वाडगा घरी नेतात.

या सगळ्यांत वस्तू पूर्ण झालेली असते. घेणारा फक्त घेतो. कांडीचे तसे नाही. ती घेणारा स्वतः कारागीर असतो आणि त्याचे खरे काम देणगी दिल्यानंतर सुरू होते. शिवाय ज्याला लाकडाची पारख आहे त्यालाच तिचे मोल कळते. चौकोनी, मेणात बुडवलेला, मळकट दिसणारा तो तुकडा बाहेरच्या माणसाला जळणासारखा वाटेल. जाणकार मात्र त्याच्या टोकावरचे मेण खरवडून, आतल्या नारिंगी-काळ्या रेषा पाहून, अमक्या रंगाच्या धातूबरोबर तो कसा खुलेल हे ठरवून मोकळा होतो. त्यामुळे हे दान एका लहानशा जमातीत फिरते, आणि लहान जमातीत शब्द पाळला जातो, कारण सगळे एकमेकांना ओळखून असतात.

दुसरे कारण साठ्याचे आहे. लाकूडकाम करणारा माणूस लाकूड टाकून देत नाही. मेजाच्या पायातून, वाद्याच्या पट्टीतून, पेटीच्या कडेतून उरलेले तुकडे तो वर्षानुवर्षे खणांत भरून ठेवतो. उतारवयात हात थकतात, घर लहान करायचे ठरते, किंवा माणूस जातो आणि मागे राहिलेल्यांना त्या खणांचे काय करावे ते कळत नाही. भंगारात काढावे तर जीव तुटतो, विकायला बसावे तर किमती ठाऊक नसतात. अशा वेळी ते लाकूड कांड्यांत चिरून गेलेल्याच्या नावाने एखाद्या संस्थेसाठी देणग्या मिळवणे हा फार शहाणपणाचा मार्ग आहे. ते झाड तोडले गेले त्याला कित्येकदा चाळीस-पन्नास वर्षे झालेली असतात. नवी कुऱ्हाड कुठेही पडत नाही.

स्मृती आणि लाकूड यांची ही सांगड काही आजची नाही. इंग्लंडमध्ये स्ट्रॅटफर्ड इथे शेक्सपिअरने लावले असे मानले जाणारे तुतीचे झाड अठराव्या शतकाच्या मध्यावर घराच्या नव्या मालकाने तोडून टाकले. गावातल्या थॉमस शार्प या कारागिराने ते लाकूड विकत घेतले आणि पुढे कित्येक वर्षे त्यातून डब्या, पेले, पेट्या करून विकल्या. इतक्या विकल्या, की एका झाडात एवढे लाकूड असेल कसे, अशी लोकांना शंका आली. अखेर १७९९ मध्ये मरणाच्या दारात असताना शार्पने शपथेवर लिहून दिले, की आपण वापरलेले लाकूड त्याच झाडाचे. कथेच्या जोरावर लाकडाला किंमत आली, की ती कथा खरी असल्याचा पुरावा द्यावाच लागतो. आज बेथलेहेमच्या ऑलिव्ह लाकडाच्या कांड्यांसोबत छापील प्रमाणपत्र येते, ते याच कारणाने. ते लाकूड सहसा झाडांच्या छाटणीतून निघते, झाड उभेच राहते, आणि म्हणून धर्मादायाच्या कामी मला ते विशेष योग्य वाटते.

१९०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईला शंभर वर्षे झाली तेव्हा नेल्सनच्या 'व्हिक्टरी' या जहाजातून काढलेले ओकचे लाकूड आणि तांबे वापरून स्मृतिवस्तू करण्यात आल्या, आणि त्यांच्या विक्रीतून खलाशांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला निधी मिळाला. देणगी द्या आणि इतिहासाचा तुकडा घेऊन जा, हे आजच्या व्यवहाराचे सूत्र तिथे पूर्ण रूपात दिसते. नेल्सनच्याच दुसऱ्या एका जहाजाची गोष्ट आपल्या किनाऱ्याला येऊन भिडते. 'फूद्रोयाँ' हे त्याचे जहाज १८९७ मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटले. त्याच्या लाकडापासून फर्निचर आणि शोभेच्या वस्तू झाल्या, ब्लॅकपूलच्या फुटबॉल क्लबच्या सभागृहाच्या भिंतींना ते लाकूड लागले. जहाजाचे मालक व्हीटली कॉब यांनी त्याच्या जागी 'ट्रिंकोमाली' हे जुने जहाज घेतले, त्यालाही 'फूद्रोयाँ' हेच नाव दिले आणि त्यावर मुलांना दर्यावर्दीपणाचे शिक्षण मिळू लागले. हे 'ट्रिंकोमाली' मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानातून बांधलेले. १८१७ मध्ये ते पाण्यात उतरले आणि आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू, म्हणजे जंगलाकडे.

पेन कातणाऱ्यांना ज्या लाकडांचे वेड आहे त्यांतली बरीच एकाच कुळातली आहेत. डाल्बर्जिया हे ते कूळ. मध्य अमेरिकेतले कोकोबोलो, ब्राझीलचे किंगवूड आणि ट्युलिपवूड, टांझानिया-मोझांबिकचे ब्लॅकवूड, आणि आपला शिसव, सगळी डाल्बर्जिया. ही लाकडे जड, तेलकट, घट्ट पोताची. घासली की काचेसारखी चमकतात. याच गुणांमुळे जगभर त्यांची लूट झाली. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचे नियमन करणारा 'साइट्स' हा करार १९७३ मध्ये वॉशिंग्टनला झाला, १९७५ पासून अमलात आला आणि भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. ब्राझिलियन रोझवूडला १९९२ मध्ये त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात टाकले गेले. २०१३ मध्ये कोकोबोलो दुसऱ्या परिशिष्टात आले. तरीही तस्कर एका जातीचे लाकूड दुसऱ्या जातीच्या नावाने पाठवत राहिले, कारण चिरलेल्या लाकडावरून जात ओळखणे सीमाशुल्क अधिकाऱ्याला जवळपास अशक्य असते. म्हणून २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत उरलेले अख्खे डाल्बर्जिया कूळच दुसऱ्या परिशिष्टात घेतले गेले आणि २ जानेवारी २०१७ पासून सीमेपार पाठवण्यासाठी परवान्याचा नियम लागू झाला.

त्या नियमात एक सवलत होती. व्यापारी हेतू नसेल तर दहा किलोपर्यंतचे पार्सल परवान्याशिवाय पाठवता येई. कोकोबोलोची एक कांडी भरते साधारण पन्नास ग्रॅम, म्हणजे दहा किलोत दोनशे कांड्या. भेट म्हणून लाकूड देणाऱ्यांना ही सवलत पुरेशी होती. २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत ती बदलली. वाद्यकारांच्या अडचणी ऐकून तयार वाद्यांना आणि त्यांच्या भागांना मोकळीक मिळाली. बाकी सूट राहिली ती तयार वस्तूंना, पार्सलमागे दहा किलो लाकडापर्यंत. कांडी ही तयार वस्तू नाही. म्हणजे त्याच लाकडाचे कातलेले पेन सीमा ओलांडू शकते, पण न कातलेली कांडी ओलांडायची तर परवाना हवा, मग ती एकच का असेना आणि तिच्या बदल्यात कोणी कर्करोगाच्या रुग्णांसाठी देणगी का दिलेली असेना. कांड्यांच्या बदल्यात देणगी मागणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक असायला हवी. देशातल्या देशात पाठवताना साइट्सचा परवाना लागत नाही. म्हणून शहाणे लोक 'फक्त आपल्या देशातच पाठवू' असे आधीच सांगतात.

मला हा नियम जाचक वाटत नाही. कच्चे लाकूड बाहेर गेले तर झाड असलेल्या देशाच्या हाती लाकडाच्या वजनाची किंमत येते. वस्तू होऊन गेले तर तिथल्या हातांना काम मिळते. भारतही बऱ्याच लाकडांच्या बाबतीत हीच भूमिका घेतो. शिसवाच्या आणि शिसमच्या हस्तकला वस्तू परदेशी पाठवताना हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषदेचे 'वृक्ष' प्रमाणपत्र लागते, ते लाकूड कायदेशीर वाटेने आले हे दाखवण्यासाठी.

कच्चे आणि तयार यांच्या सीमेवर एक मोठा खटला उभा राहिला होता. अमेरिकेत लेसी कायदा २००८ मध्ये वाढवून लाकडालाही लागू केला गेला. दुसऱ्या देशाचा कायदा मोडून आलेले लाकूड अमेरिकेत बाळगणे हाही त्याने गुन्हा ठरतो. २००९ आणि २०११ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीवर छापे पडले. पहिल्यात प्रश्न होता मादागास्करच्या आबनुसाचा, दुसऱ्यात भारतातून आलेल्या शिसव आणि आबनुसाच्या पट्ट्यांचा. २०१२ मध्ये तडजोड झाली. कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरला आणि वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या एका प्रतिष्ठानाला पन्नास हजार डॉलर दिले. भारतीय लाकूड मात्र परत मिळाले, कारण पट्ट्यांच्या रूपात ते निर्यात करणे भारतीय कायद्यात बसते की नाही हेच स्पष्ट नव्हते. एका कारखान्याचे हे झाले. ज्याच्या खणात मादागास्करच्या लाकडाचे चार तुकडे आहेत त्याच्या दारात कोणी येणार नाही. पण ते तुकडे केव्हा, कोणाकडून घेतले हे त्याला सांगता येत नसेल, तर दानात ते न घालणे बरे. स्वतःच्या खणात ते असू देत.

या अंधाऱ्या चित्रात एक गोष्ट अशी आहे, की ती कातकाम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी. आफ्रिकी ब्लॅकवूडला स्वाहिलीत 'म्पिंगो' म्हणतात. क्लॅरिनेट, ओबो, बॅगपाइप या वाद्यांचा तो प्राण. झाड लहानखुरे, वाकडेतिकडे, काटेरी; वाद्याजोगे खोड व्हायला सत्तर ते शंभर वर्षे लागतात. बाहेरचे पांढरट लाकूड, भेगा, गाठी वजा जाता वाद्याच्या कामाचा भाग फार थोडा निघतो. वाद्यकारांनी नाकारलेले तुकडे मग पेनांच्या कांड्या होऊन बाजारात येतात, आणि नऊ-दशांश भुशाचा हिशेब त्यांनाही लागू असतोच.

टेक्सासमधले जेम्स हॅरिस हे नक्षीदार कातकाम करणारे कारागीर. त्यांच्या कामाला ब्लॅकवूडच लागे. टांझानियातल्या या झाडावरचा 'द ट्री ऑफ म्युझिक' हा माहितीपट त्यांनी पाहिला. त्यात किलिमांजारोच्या पायथ्याचे वनस्पतितज्ज्ञ सेबॅस्टियन चुवा होते. आपण ज्या लाकडावर जगतो त्याचे काही देणे लागतो, असे वाटून हॅरिस यांनी चुवांशी संपर्क साधला आणि १९९६ मध्ये दोघांनी मिळून 'आफ्रिकन ब्लॅकवूड कॉन्झर्व्हेशन प्रोजेक्ट' उभा केला. पैसा मुख्यतः कातकाम करणाऱ्यांकडून आणि वाद्य वाजवणाऱ्यांकडून आला, श्रम मोशी परिसरातल्या गावकऱ्यांचे, शाळांचे आणि महिला मंडळांचे. रोपवाटिका उभ्या राहिल्या. नुसते म्पिंगो लावून गावाचे पोट भरत नाही, म्हणून सरपणाची, फळांची, सावलीची झाडेही त्यांच्याबरोबर लावली गेली. दहा लाख झाडांचे लक्ष्य २००४ मध्ये गाठले गेले. चुवा २०१४ मध्ये गेले. त्यांनी लावलेल्या रोपांतून क्लॅरिनेट व्हायला अजून दोन पिढ्या जातील.

टांझानियाच्याच दक्षिणेकडे किल्वा जिल्ह्यात दुसऱ्या वाटेने काम झाले. तिथे जंगल गावांच्या ताब्यात देऊन, मोजून तोड करून, विक्रीचा पैसा थेट गावाला मिळेल अशी घडी बसवली गेली. २००९ मध्ये त्या गावजंगलांना, जबाबदारीने राखलेल्या जंगलांना मिळते ते, एफएससीचे प्रमाणपत्र मिळाले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची सामूहिक वनहक्कांची वाट ज्यांना माहीत आहे त्यांना या घडीत ओळखीचे पुष्कळ दिसेल: जंगल राखणाऱ्यालाच जंगलाचे उत्पन्न मिळाले तर जंगल टिकते.

म्हणून ब्लॅकवूडची कांडी देऊन देणगी मागायची असेल, तर ती म्पिंगो लावणाऱ्यांसाठी, राखणाऱ्यांसाठी मागावी असे मला वाटते. रुग्णालयाला देऊ नये असे नाही. पण ज्या झाडाचा तुकडा हातात आहे त्याच झाडाकडे पैसा वळला, तर घेणारा ते पेन वापरताना आपण कशात सहभागी आहोत हे जाणून असतो. हॅरिस यांना हे सुचले कारण ते रोज ते लाकूड हाताळत होते. लाकूडवेड्या माणसांतूनच झाडाचे रक्षणकर्ते निघू शकतात, या विश्वासाला तो भक्कम आधार आहे.

पैशाची बाजू थोडक्यात. देणगीदाराने थेट संस्थेला पैसे द्यावेत आणि कांडीवाल्याने फक्त पावती पाहावी, हीच सर्वांत स्वच्छ रीत. 'विक्रीतला काही भाग दान' असे मोघम सांगणाऱ्यांपेक्षा ती शंभर पटींनी बरी. करसवलतीचे मात्र भान हवे. अमेरिकेत देणगीच्या बदल्यात वस्तू मिळाली तर वस्तूची बाजारकिंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच सवलत मिळते, आणि वस्तू संस्थेनेच दिली असेल तर पंचाहत्तर डॉलरच्या वरच्या अशा देणगीला तिने तसे लेखी कळवावे लागते. कारागिराने आपले काम संस्थेला दान दिले तर त्याला सवलत मिळते ती साहित्याच्या खर्चापुरती, मेहनतीची नाही. ब्रिटनमध्ये 'गिफ्ट एड' योजनेत प्रत्येक पौंडामागे सरकार संस्थेला पंचवीस पेन्स जोडून देते, पण शंभर पौंडांपर्यंतच्या देणगीत परत मिळालेल्या वस्तूचे मूल्य देणगीच्या पाव भागापेक्षा जास्त असता कामा नये. वीस पौंड देणाऱ्याला पाच पौंडांची कांडी चालेल, आठ पौंडांची नाही. आपल्याकडे ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत पैशाच्या देणगीलाच आहे, वस्तूच्या दानाला नाही. रोखीने दोन हजारांपर्यंतच. म्हणून इथे लाकूड देणाऱ्याला कराचा काहीही फायदा होत नाही. तो देतो ते निव्वळ देणेच असते.

लाकूड देणाऱ्याची आणखी एक जबाबदारी आहे, आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. ही लाकडे सुंदर आहेत तशीच त्यांतली काही अंगाला बाधणारीही आहेत. कोकोबोलोच्या भुशाने अंगावर चट्टे उठतात, डोळे सुजतात. एकदा ॲलर्जी झाली की ती पुढे वाढतच जाते. लाकडाच्या कोणत्याही भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. नवशिक्याला कांडी पाठवताना तिच्याबरोबर लाकडाचे नाव, ती कुठून आणि केव्हा मिळाली, ती वाळलेली आहे का, आणि मास्क लावूनच कातावे, एवढे लिहिलेली चिठ्ठी असलीच पाहिजे. तेलकट लाकडावर गोंद धरत नाही, म्हणून नळी चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसून घ्यावे. ब्लॅकवूडला छिद्र पाडताना ते तापून तडकते, म्हणून ड्रिल पुन्हापुन्हा बाहेर काढत सावकाश न्यावे. पर्पलहार्टचा जांभळा आणि पडौकचा नारिंगी रंग उन्हाने कालांतराने तपकिरी होतो, हेही आधीच सांगावे. घेणाऱ्याला नंतर फसवल्यासारखे वाटू नये.

आणि 'दुर्मिळ' म्हणजे तरी काय? हवाईमधले कातकाम करणारे ज्या मंकीपॉडचे वाडगे अभिमानाने करतात तो मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरचा आपला वर्षावृक्ष, रेन ट्री. ब्लॅक पाम म्हणून ज्याच्या काळ्या-तपकिरी रेघांच्या कांड्या परदेशी विकल्या जातात तो ताड. विदर्भात ज्याची पाने विडीसाठी तोडतात त्या टेंभुर्णीच्या पोटात काळे लाकूड असते आणि ती आबनुसाच्याच कुळातली आहे. खानदेशात आणि विदर्भात वाढणारा अंजन देशातल्या सर्वांत जड लाकडांपैकी एक. जुन्या चिंचेचा गाभा, बाभळीचा तांबूस पोत, फणसाचा पिवळा रंग ज्याने लेथवर पाहिला आहे त्याला मध्य अमेरिकेकडे हात पसरायची फारशी गरज वाटणार नाही. सावंतवाडीच्या कारागिरांनी पांगाऱ्यासारख्या हलक्या, किडीला लवकर बळी पडणाऱ्या लाकडातून लाखेच्या रंगांनी जग उभे केले, तेही इथलेच. कुजू लागलेले, गाठींचे लाकूडही आता निर्वात भांड्यात रेझिन मुरवून, भट्टीत पक्के करून उत्तम कांड्यांच्या लायकीचे करता येते.

इथे एक शक्यता आहे आणि ती हातची जाऊ नये असे मला कळकळीने वाटते. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या बागा आडव्या केल्या. मे २०२१ मध्ये तौक्तेने मुंबईत झाडे पाडली. त्याआधीची काही वर्षे मुंबईतले रेन ट्री पिठ्या ढेकणाच्या कचाट्यात वाळून मेले. त्यांतले बहुतेक लाकूड सरपणात किंवा कचऱ्यात गेले. एका रेन ट्रीच्या मध्यम फांदीतून शेकडो कांड्या निघतात. ज्या वाडीतले कलम पडले त्या बागायतदाराच्या मदतीसाठी त्याच कलमाच्या लाकडाच्या कांड्या देता आल्या असत्या, आणि मुंबई-पुण्याच्या हौशी पेनकारांनी, परदेशातल्या कोकणी माणसांनी त्या आनंदाने घेतल्या असत्या. परदेशी पाठवायचे तर तेच लाकूड इथे कातून, पेन करूनच पाठवावे. म्हणजे परवान्याच्या आणि वनस्पती आरोग्याच्या अटी सोप्या होतात आणि सावंतवाडीच्या किंवा इतर कुठल्याही कातारी कुटुंबाला कामही मिळते.

कायद्याची वाट मात्र नीट चालावी लागेल. शहरात १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे आणि पडलेल्या झाडाच्या लाकडावर पालिकेचा किंवा सोसायटीचा हक्क असतो. गावाकडे १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे आणि आंबा, फणस, चिंच, खैर, साग, अंजन अशी झाडे त्याच्या अनुसूचीत येतात. वादळात पडलेल्या झाडाचाही पंचनामा होतो. त्या पंचनाम्याची प्रत जपून ठेवली, की लाकडाची पावती आपोआप तयार होते: कुठले झाड, कोणाचे, कोणत्या तारखेला पडले. बेथलेहेमच्या प्रमाणपत्रापेक्षा ती अधिक भरवशाची.

बाकी काम हाताचे आहे. झाड पडल्यावर ओंडक्याच्या दोन्ही टोकांना लगेच मेण किंवा जाड रंग फासावा, नाहीतर आठवडाभरात भेगा आत शिरतात. गाभ्याचा मध्य टाळून लाकूड इंचभर जाडीच्या फळ्यांत चिरावे, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून सावलीत, वारा खेळेल अशी थप्पी लावावी आणि इंचामागे सुमारे वर्षभर ती वाळू द्यावी. कोकणच्या दमट हवेत थोडा जास्तच वेळ धरावा. म्हणजे जूनच्या वादळात पडलेल्या झाडाच्या कांड्या पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर हाती येतील, आणि कोणत्या संस्थेसाठी देणगी मागायची हे ठरवायला तोवर भरपूर वेळ मिळेल.